'रिटर' म्हणजे कोण? एका जर्मन शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जर्मन शिकवते. वर्गात किल्ल्याचा किंवा जुन्या गोष्टीचा धडा आला की 'रिटर' हा शब्द येतो, आणि फळ्यावर त्याचा अर्थ लिहिताना दरवेळी माझा हात थांबतो. पाठ्यपुस्तकाच्या मागे 'शूरवीर', 'योद्धा', 'सरदार' असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला एकही अर्थ पूर्ण चुकीचा नाही, पण शब्दाचा जीव ज्या गोष्टीत आहे ती, म्हणजे घोडा, त्यांतल्या एकातही नाही. विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

'रिटर' या शब्दाचा सरळ अर्थ काय?

आज जर्मनमध्ये 'रिटर' म्हणजे मध्ययुगातला चिलखतधारी, घोड्यावरून लढणारा, मानाचा दर्जा असलेला योद्धा. इंग्रजीत ज्याला 'नाइट' म्हणतात तोच. मुळात मात्र या शब्दाचा अर्थ फक्त 'स्वार' एवढाच होता. शौर्य, कुलीनपणा, स्त्रियांशी अदबीने वागणं, दुर्बळांचं रक्षण हे सगळं त्याला नंतर चिकटलं. आधी माणूस घोड्यावर बसला, मान मागाहून आला.

उच्चार कसा करायचा?

पहिला 'रि' ऱ्हस्व, 'ट' आपल्या 'टाळी'तल्यापेक्षा थोडा पुढे, दातांच्या मुळाशी. शेवटचा 'र' जवळजवळ ऐकू येत नाही, त्याच्या जागी पुसट 'अ' उरतो. लिहिताना मात्र 'रिटर' हेच बरं. शब्द पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनातही तो तसाच राहतो.

मग साध्या घोडेस्वारालाही जर्मनमध्ये 'रिटर'च म्हणतात का?

नाही, त्याला 'रायटर' म्हणतात. इथेच या शब्दाची खरी गंमत सुरू होते, कारण 'रिटर' आणि 'रायटर' हे सख्खे भाऊ आहेत. दोघांच्या मुळाशी 'रायटन' म्हणजे घोड्यावर बसून जाणं हे क्रियापद आहे. इंग्रजीतलं 'राइड' तेच. इंग्रजीतल्या 'ड'च्या जागी जर्मनमध्ये पुष्कळदा 'ट' येतो: इंग्रजी 'डे' तर जर्मन 'टाग', इंग्रजी 'रेड' तर जर्मन 'रोट'. तसंच 'राइड' आणि 'रायटन'.

जुन्या जर्मनमध्ये या क्रियापदातला स्वर दीर्घ 'ई' होता, 'रीटन'. मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मनमधल्या दीर्घ 'ई'चा बहुतेक ठिकाणी 'आय' झाला. 'मीन' (माझा) चं 'माइन' झालं, 'वीन' (द्राक्षाची दारू) चं 'वाइन' झालं. त्याच ओघात 'रीटर'चा 'रायटर' झाला. 'रिटर'मधला स्वर मात्र ऱ्हस्व होता आणि पुढे जोड 'ट' होता, म्हणून तो बदल त्याला लागला नाही.

मराठी माणसाला हे समजायला अजिबात जड नाही. आपल्याकडे 'क्षेत्र' आणि 'शेत' एकाच मुळातून आले आहेत, 'स्थान' आणि 'ठाणं' सुद्धा. एक शब्द तीर्थाला आणि विद्येला लागला, दुसरा नांगराला. 'स्थान' सभेत मिळतं, 'ठाण्या'वर तक्रार नोंदवतात. तसाच 'रिटर' दरबारात गेला आणि 'रायटर' तबेल्याजवळ राहिला.

हा शब्द जर्मनचा स्वतःचा आहे की बाहेरून आला?

दोन्ही. धातू जर्मनांचा स्वतःचा. पण ज्या रूपात आणि ज्या अर्थाने 'रिटर' रूढ झाला ते, बहुतेक कोशकारांच्या मते, उत्तर-पश्चिमेकडून, फ्लँडर्स आणि ब्राबांट या डच बोलणाऱ्या प्रदेशांतून आलं. तिथला शब्द होता 'रिडर'. आणि 'रिडर' हा फ्रेंच 'शव्हालिए'चा शब्दशः केलेला तर्जुमा होता. 'शव्हालिए' म्हणजेही घोडेवालाच. त्याच्या मुळाशी लॅटिन 'काबालुस' आहे, आणि हा राजाच्या रथाचा घोडा नव्हे, ओझ्याचं साधं तट्टू!

बाराव्या शतकात दरबारी रीतभात, स्पर्धा, प्रेमगीतं, पोशाख हे सगळं फ्रान्समधून जर्मन दरबारांत येत होतं, आणि फ्लँडर्स हा त्या वाटेवरचा उंबरठा होता. शब्दही त्याच वाटेने आले. याची एक जोडी मला फार आवडते. जर्मनमध्ये हत्याराला 'वाफे' म्हणतात, आणि घराण्याच्या ढालीवरच्या मानचिन्हाला 'वापन'. शब्द एकच, पण 'वाफे' जर्मन वळणाचा आणि 'वापन' डच वळणाचा. रोजच्या वापरातलं हत्यार घरच्या शब्दाने ओळखलं गेलं आणि मिरवायचं चिन्ह पाहुण्या शब्दाने. 'रायटर' आणि 'रिटर' यांचं नातं अगदी असंच आहे. 'ट्योल्पल' म्हणजे गावंढळ, अडखळणारा माणूस. हा शब्दही त्याच वाटेने आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'खेडूत' होता. दरबाराने स्वतःला एक शब्द घेतला आणि शेतकऱ्याला दुसरा दिला. ते वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं.

त्याआधी जर्मन लोक योद्ध्याला काय म्हणत?

'हेल्ड', 'रेके', 'डेगन' असे शब्द होते. इ. स. १२०० च्या सुमारास रचलेल्या 'निबेलुंगेनलीड' या महाकाव्यात ते 'रिटर'च्या शेजारी सुखाने नांदताना दिसतात. 'डेगन' मुळात मुलगा, पोरगा. 'रेके' मुळात देशोधडीला लागलेला, परागंदा झालेला माणूस. परक्या मुलुखात तलवारीच्या जोरावर पोट भरणारा तो पुढे जर्मनमध्ये वीर ठरला. इंग्रजीत त्याच शब्दाचं 'रेच' झालं, म्हणजे बिचारा, दीनवाणा. समुद्राच्या एका काठावर वीर आणि दुसऱ्या काठावर बापुडा.

इंग्रजी 'नाइट' आणि जर्मन 'रिटर' यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

शब्द म्हणून काहीच नाही. इंग्रजी 'नाइट'चा जर्मन भाऊ वेगळाच आहे: 'क्नेख्ट', म्हणजे गडी, शेतावरचा नोकर. इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीचा जो 'क' आज कुणी उच्चारत नाही, तो जर्मनमध्ये अजून खणखणीत ऐकू येतो.

जुन्या इंग्रजीत 'क्निख्ट' म्हणजे मुलगा, मग सेवक. मुलापासून चाकरापर्यंतचा प्रवास आपल्या 'पोऱ्या' या शब्दानेही केला आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर धन्याच्या पदरी असलेल्या लढवय्या सेवकांना हा शब्द लागू झाला, आणि चाकर बघता बघता सरदार झाला. जर्मनमध्ये मात्र 'क्नेख्ट' खालीच राहिला. मध्ययुगात 'एडलक्नेख्ट' म्हणजे अजून रिटर न झालेला, पण चांगल्या घरचा तरुण, असा एक अर्थ होता खरा. तो गेला आणि शेतगडी तेवढा उरला. इंग्रजांनी योद्ध्याचं नाव त्याच्या चाकरीवरून ठेवलं, जर्मनांनी त्याच्या वाहनावरून. जपानी 'सामुराई'ही मुळात सेवेत उभा राहणाराच आहे.

'रिटर' आणि आपला 'रथ' किंवा 'रथी' एकच का?

हा प्रश्न संस्कृत शिकलेली मुलं हमखास विचारतात, आणि त्यांचा उत्साह मोडायला मला जिवावर येतं. पण नाही. 'रथ'चा जर्मन नातलग आहे 'राड', म्हणजे चाक. लॅटिनमध्ये 'रोटा'. 'रायटन'चा धातू निराळा आहे आणि तो मुख्यतः जर्मानिक (जर्मन, इंग्रजी वगैरे) व केल्टिक (आयरिश, वेल्श वगैरे) भाषांतच सापडतो.

कल्पना मात्र सारखी आहे. 'रथी' आणि 'महारथी' ही नावं माणूस कशावर बसून लढतो त्यावरून पडली, 'रिटर'ही तसाच.

याच धातूचं एक लपलेलं मूल सांगते. जर्मनमध्ये घोड्याला 'प्फेअर्ड' म्हणतात. हा शब्द उशिराच्या लॅटिनमधल्या 'पारावेरेडुस'वरून आला, म्हणजे टपालाच्या आडवाटेवरचा जादा घोडा. त्यातला 'वेरेडुस' केल्टिक भाषेतून लॅटिनमध्ये गेला होता, आणि त्याच्या पोटात 'रायटन'चाच धातू दडलेला आहे. म्हणजे 'रिटर' आणि त्याचा 'प्फेअर्ड' हे दूरचे का होईना, नातेवाईक आहेत. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरचे सुद्धा मान वर करतात.

नुसत्या घोड्यावर बसण्याला एवढा मान का मिळाला?

कारण ते भयंकर महाग होतं. फ्रांक लोकांच्या रिपुआरी कायद्यात दंड वस्तूंच्या रूपात भरण्यासाठी किमती ठरवून दिल्या आहेत. त्यात एक बैल २ सॉलिडसचा (सॉलिडस म्हणजे त्या काळचं नाणं), शिरस्त्राण ६ चं, म्यानासकट तलवार ७ ची आणि चिलखत १२ चं आहे. म्हणजे एका चिलखतात सहा बैल. त्यावर लढाईचा घोडा, त्याचं दाणापाणी, खोगीर, मोतद्दार आणि लहानपणापासूनचं शिक्षण. ज्याला हे परवडेल किंवा ज्याला कुणी पुरवेल, तोच स्वार होऊ शकत होता. शेतकऱ्याला हे कुठून जमणार?

पण सगळे रिटर जन्मजात श्रीमंत किंवा कुलीन होते असं समजू नका. जर्मन प्रदेशांची खासियत अशी की तिथले पुष्कळ रिटर कायद्याने स्वतंत्रसुद्धा नव्हते. त्यांना 'डीन्स्टमान' म्हणत, म्हणजे चाकरीचा माणूस. राजाच्या, बिशपच्या किंवा मोठ्या सरदाराच्या पदरी ते बांधलेले असत. लढाई, किल्ल्याची राखण, कारभार ही कामं ते करत, आणि त्या कामांतूनच दोन-तीन शतकांत ते खालच्या सरदारवर्गात जाऊन बसले. 'रिटर' या शब्दाला चकाकी आली ती याच काळात. सम्राटाचा मुलगाही स्वतःला रिटर म्हणवू लागला आणि त्याचा चाकरही. एकाच शब्दाखाली दोघे आल्यामुळे चाकराची पत वाढली. त्या काळच्या लॅटिन कागदांत दोघांनाही 'मिलेस', म्हणजे शिपाई, असंच लिहिलेलं असतं.

माणूस रिटर 'होत' कसा असे?

सुरुवातीला तलवार कमरेला बांधून. त्या विधीला 'श्वेर्टलायटे' म्हणत. ११८४ साली पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने माइंत्स इथे प्रचंड दरबार भरवला आणि आपल्या दोन मुलांची, हाइनरिश आणि फ्रीडरिश यांची, श्वेर्टलायटे केली. त्या सोहळ्याची आठवण कवींनी पुढे कित्येक वर्षं काढली. चौदाव्या शतकापासून खांद्यावर किंवा मानेवर तलवारीचा हलका आघात करण्याची रीत जर्मन प्रदेशांत रुळली. तिचं नाव 'रिटरश्लाग'.

हा शब्द आजच्या जर्मनमध्ये जिवंत आहे. मोठ्या उस्तादाने नवख्या गायकाला जाहीर शाबासकी दिली, तर ती त्याची 'रिटरश्लाग'. ब्रिटिश 'सर' किताबालाही जर्मन वर्तमानपत्रं 'रिटर केलं' असंच लिहितात. त्या हिशेबाने मुंबईचे जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये रिटर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. आणि पुण्याचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ मध्ये. भांडारकरांना ग्योटिंगन विद्यापीठाने १८८५ सालीच सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. म्हणजे जर्मनांनी त्यांना मानलं ते विद्येसाठी, इंग्रजांनी 'सर' म्हणण्याच्या कितीतरी आधी.

काही नावांत 'रिटर फॉन' असं येतं. ते काय?

ती सरदारकीची पायरी आहे, मुख्यतः ऑस्ट्रिया आणि बव्हेरियातली. 'एडलर'च्या वर आणि 'फ्रायहेर'च्या खाली. इथे घोड्याचा काहीही संबंध उरलेला नाही. मोत्सार्टच्या रचनांची क्रमवार यादी १८६२ मध्ये प्रसिद्ध करणारे लुडविग रिटर फॉन क्योखेल, किंवा मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावून १९७३ चं नोबेल मिळवणारे कार्ल रिटर फॉन फ्रिश, ही अशी नावं. ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये कायदा करून या पदव्या रद्दच केल्या. जर्मनीने त्याच वर्षी सरदारवर्गाचे विशेष हक्क काढून घेतले, पण पदवीचा शब्द आडनावाचा भाग म्हणून ठेवू दिला.

आणि 'रिटर' आडनाव?

खूप आहेत. अतिनील किरणांचा शोध १८०१ साली लावणारे योहान विल्हेल्म रिटर, बर्लिन विद्यापीठात भूगोलाचं अध्यासन सांभाळणारे कार्ल रिटर. आडनाव रिटर म्हणून पूर्वज किल्ल्यात राहत होते असं नव्हे. रिटराच्या पदरी काम करणाऱ्याला किंवा गावच्या नाटकात रिटराचं सोंग घेणाऱ्यालाही ते चिकटू शकत असे.

मुलांचा लाडका प्रश्न चौकोनी चॉकलेटचा असतो. 'रिटर स्पोर्ट'मधला रिटर म्हणजे आल्फ्रेड आणि क्लारा रिटर या दांपत्याचं आडनाव. १९१२ मध्ये त्यांनी कारखाना काढला. खेळाच्या कोटाच्या खिशात न मोडता मावेल असं चौकोनी चॉकलेट करण्याची कल्पना क्लाराबाईंची, १९३२ सालची.

'राउबरिटर' म्हणजे लुटारू रिटर. सगळे रिटर लुटारूच होते का?

'राउबरिटर' हा शब्द मध्ययुगातला नाहीच. तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, रिटर संपल्यावर जन्माला आला. मध्ययुगात 'फेडं' नावाची रीत होती: आधी लेखी आव्हान पाठवून मग शत्रूच्या मुलखावर चालून जायचं. हे कायदेशीर होतं. १४९५ मध्ये वर्म्स इथे कायमच्या शांततेचा कायदा झाला आणि ही रीत गुन्हा ठरली. ज्यांनी ती सोडली नाही ते लुटारू ठरले. ग्योत्स फॉन बेर्लिशिंगन हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. १५०४ मध्ये लांड्सहूटच्या वेढ्यात तोफगोळ्याने त्याचा हात गेला आणि त्याने लोखंडाचा हात बसवून घेतला. तो हात याग्स्टहाउजनमध्ये आजही ठेवलेला आहे.

व्यापाऱ्याच्या गाड्या लुटल्या जात होत्या, माणसं मरत होती, हे मी झाकणार नाही. पण नाव कोण ठेवतं हेही पाहावं. आपला 'बारगीर' (सरकारी घोड्यावरचा स्वार) हा शब्द इथे साध्या नोकरीचा, आणि १७४० च्या दशकातल्या मराठा स्वाऱ्यांमुळे बंगालमध्ये 'बर्गी' झाला तो अंगाईगीतातला धाक.

शेजारच्या भाषांनी हा शब्द घेतला का?

हो. पोलिश 'रित्सेश', चेक 'रितीर्श', पोलिशमधून रशियनमध्ये गेलेला 'रित्सार', फिनिश 'रितारी'. हंगेरियन लोकांनी मात्र शब्द न घेता आपल्याच 'लो' म्हणजे घोडा या शब्दावरून 'लोव्हाग' बनवला.

बुद्धिबळातला घोडा म्हणजे रिटरच ना?

नाही! इंग्रजीत तो 'नाइट', पण जर्मनमध्ये 'श्प्रिंगर', म्हणजे उडी मारणारा. परीक्षेत भाषांतराला आला की निम्मा वर्ग इथे चुकतो.

रोजच्या जर्मनमध्ये 'रिटर' आणखी कुठे भेटतो?

बागेत 'रिटरश्पोर्न' भेटतो, निळ्या तुऱ्यांचं फुलझाड. त्याच्या पाकळीमागचं टोक रिटराच्या टाचेवरच्या आरीसारखं दिसतं. 'रिटरलिश' म्हणजे अदबशीर, दिलदार. आणि स्वयंपाकघरात 'आर्मे रिटर', म्हणजे गरीब रिटर: शिळ्या पावाच्या चकत्या दूध-अंड्यात भिजवून तुपालोण्यावर तळायच्या, वर साखर. मांस परवडत नाही, पण पान रिकामं ठेवायचं नाही, अशा घरचा पदार्थ.

मग मराठीत 'रिटर'ला नेमकं काय म्हणायचं?

मला हा प्रश्न सर्वांत जवळचा आहे. 'शूरवीर' म्हटलं की रिटर हवेत लटकतो. शूर तर पायदळातला पाईकही असतो. आपल्याकडे घोड्याभोवतीचे इतके नेमके शब्द असताना आपण ते का वापरू नयेत?

'स्वार' घ्या. तो फारसीतून आला, आणि त्याचं जुनं पर्शियन रूप 'असबार' म्हणजे घोड्याने वाहून नेलेला. त्यातला 'अस' आपल्या 'अश्व'चा भाऊ आणि 'बार' आपल्या 'भार'चा. 'रायटर'ला हा शब्द चपखल बसतो.

'शिलेदार' म्हणजे मूळ फारसीत शस्त्रधारी. मराठी फौजेत मात्र शिलेदार तो, जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येतो. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासद बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी मांडणी दिली आहे. जर्मन रिटर जहागिरीच्या उत्पन्नावर स्वतःचा घोडा-सरंजाम ठेवून धन्याच्या हाकेला येत असे, म्हणजे तो शिलेदाराच्या जवळचा. धन्याच्या घोड्यावर बसणारा गरीब डीन्स्टमान बारगिराच्या जवळचा.

आणि 'राऊत'. संस्कृत 'राजपुत्र' झिजून 'राऊत' झाला आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ घोडेस्वार योद्धा असा स्थिरावला. घोडाही त्यात आहे आणि कुळाचा मानही. 'रिटर' स्वारापासून निघून कुलीनतेपर्यंत गेला, 'राऊत' राजकुळापासून निघून स्वारापर्यंत आला. दोघे वाटेत एकमेकांना भेटतात.

म्हणून मी वर्गात असं सांगते: इतिहासाच्या उताऱ्यात 'शिलेदार', गोष्टीत आणि कवितेत 'राऊत', ऑस्ट्रियन नावात 'रिटर' तसाच ठेवा, आणि ब्रिटिश किताब असेल तर 'सर'. गेल्या वर्षी वर्गातल्या एका राऊत आडनावाच्या मुलीने हे ऐकलं, वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या नावापुढे जर्मनमध्ये 'रिटर' लिहिलं आणि मला येऊन दाखवलं. मी त्यावर लाल पेन चालवलं नाही.